पाटीवरचे लिहिणे, वहीतले लिहिणे



'लिहिणे' हे क्रियापद आपल्या फार ओळखीचे आहे. त्याच्याविषयी काही नवे शिकावे लागेल, असे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षापर्यंत वाटले नव्हते. ते कसे शिकावे लागले आणि त्यासाठी कोणती किंमत मोजावी लागली, हे या लेखात सांगणार आहे. विषय संगणकाचा आहे म्हणून पान उलटू नका. मराठीचे विद्यार्थी म्हणून तुमचा या विषयाशी प्रथमदर्शनी वाटतो त्याहून अधिक जवळचा संबंध आहे.

१९८४ साली मी मेहकर तालुक्यातील एका शाळेत शिक्षक म्हणून रुजू झालो. त्या काळी खेड्यांत विजेच्या गिरण्या आल्या होत्या, तरी पहाटेचे जाते पूर्ण थांबले नव्हते. पैनगंगेच्या काठच्या एका गावात माझी आत्या राहत असे. तिच्या ओव्या मी प्रथम केवळ कौतुकाने उतरवून घेतल्या. पुढे छंद वाढला. शाळा सुटल्यावर सायकलीने आसपासच्या गावांत जायचे, कोणाच्या ओट्यावर बसायचे आणि बायका म्हणतील ते लिहून घ्यायचे, असा क्रम १९९१ पर्यंत चालला. अकरा वह्या भरल्या. आत्या ओवी सांगून थांबत नसे; तिच्यावर भाष्यही करी. "हे ओवी माही नाही, माह्या मायची हाय," असे ती म्हणे, आणि मग आईच्या तोंडी ती कशी होती व आपण तीत काय बदलले, हेही सांगे. मी ते समासात टिपून ठेवी. आत्या गेली त्यालाही आता पंचवीसहून अधिक वर्षे झाली.

निवृत्तीनंतर मी या वह्या चिखलीच्या एका टंकलेखकाकडून संगणकावर उतरवून घेतल्या. पुण्यात संगणक क्षेत्रात काम करणारा माझा पुतण्या गेल्या दिवाळीत गावी आला, तेव्हा त्याने त्या फाईली पाहिल्या. कोणती ओवी कोठे आहे हे मलाच सापडत नव्हते. तो म्हणाला, "काका, तुम्हाला एक एजंट लावून देतो. तुम्ही मराठीत सांगायचं, तो फाईली उघडेल, शोधेल, लावून देईल."

एजंट म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. कृत्रिम बुद्धिमत्तेचे भाषिक प्रारूप मुळात मजकूर वाचते आणि मजकूर रचते. तुमच्या संगणकातील फाईलला ते स्वतः हात लावू शकत नाही. त्यासाठी त्याला साधने द्यावी लागतात: एक साधन फाईलींची यादी करते, एक फाईल वाचते, एक शोधते, एक लिहिते, एक फाईल दुसरीकडे हलवते. प्रत्येक साधनाला एक नाव असते, त्याला कोणती माहिती पुरवायची याचा आराखडा असतो आणि साध्या भाषेत लिहिलेले एक वर्णन असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाचा खुला संकेत जाहीर केला, त्यातही साधनाची मांडणी अशीच आहे. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की साधनाच्या पोटात काय चालते ते प्रारूपाला दिसत नाही. त्याला दिसते ते नाव, आराखडा आणि वर्णन. साधन हाती घ्यावे की न घ्यावे, हे ते त्या दोन-चार वाक्यांवरून ठरवते.

पुतण्याने घाईत पाच साधने जोडली आणि त्यांची वर्णने एकेका ओळीत लिहिली. लेखनाच्या साधनाचे वर्णन असे होते: 'फाईलमध्ये मजकूर लिहिते.'

दिवाळी संपली, पुतण्या परत गेला. एके दिवशी जुन्या ट्रंकेत मला आत्याच्या आणखी दोन ओव्या सापडल्या. एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर मी त्या खरडल्या होत्या. मी एजंटला सांगितले, "या दोन ओव्या आत्याच्या फाईलमध्ये लिही." त्याने क्षणात उत्तर दिले की काम झाले आहे. मी समाधानाने चहा प्यायलो. चार दिवसांनी फाईल उघडली, तेव्हा तीत दोनच ओव्या होत्या. आधीच्या त्रेसष्ट नाहीशा झाल्या होत्या.

पेनड्राइव्हवर एक जुनी प्रत होती, तीत चोपन्न ओव्या मिळाल्या. उरल्या नऊ. मूळ वहीला मधल्या काळात वाळवी लागली होती. जी पाने हवी होती त्यांची चाळणी झाली होती. मी आत्याच्या गावी गेलो. तिची सून आता स्वतः सत्तरीला आली आहे. तिने डोळे मिटून, हाताने जात्याचा खुंटा फिरवल्यासारखे करीत चार ओव्या आठवून दिल्या. पाच मिळाल्या नाहीत. समासातील भाष्यांपैकी किती गेली, हे मोजण्याचाही मार्ग नाही.

मित्रहो, मी पुतण्याला फोन करून रागावलो. तो शांतपणे म्हणाला, "काका, त्यानं आज्ञा मोडली नाही. ते साधन आहे ते सगळं पुसून नवीन मजकूर ठेवतं. पण तसं आपण त्याला सांगितलंच नव्हतं. चूक माझ्या त्या एका ओळीत आहे." मग जरा थांबून म्हणाला, "तुम्ही आयुष्यभर मराठी शिकवलं. ही वर्णनं तुम्हीच लिहा ना."

त्या रात्री मी त्या ओळीचा विचार करीत बसलो. 'फाईलमध्ये मजकूर लिहिते' या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. खोटेही काही नाही. मग घात कोठे झाला? आपण पाटीवर लिहितो तेव्हा आधीचे पुसूनच लिहितो. वहीत लिहितो तेव्हा आधीचे ठेवून पुढच्या रिकाम्या ओळीवर लिहितो. दोन्हींना आपण 'लिहिणे'च म्हणतो, कारण पाटी समोर आहे की वही, हे ऐकणाऱ्याला दिसत असते. अर्थाचा अर्धा भार प्रसंग उचलतो, म्हणून शब्दाला तो उचलावा लागत नाही. एजंटच्या समोर ना पाटी होती ना वही. माझ्या मनातली वही होती, साधनाच्या पोटातली पाटी होती आणि या दोहोंमध्ये एक अपुरे वाक्य होते.

प्रसंग निघून गेला की वाक्य पांगळे होते, ही गोष्ट मराठी गद्याला त्याच्या आरंभापासून माहीत आहे. श्रीचक्रधरांच्या लीळा सांगताना लीळाचरित्रात स्थळ, माणसे आणि निमित्त येते. आपल्या जिल्ह्यातील मेहकर आणि लोणार ही गावेही त्यात आहेत. पुढे त्यांतील वचने वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध झाला. सूत्र सुटे झाले आणि प्रश्न उभा राहिला: हे वचन कोणाला उद्देशून आहे, कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले? म्हणून महानुभावांना सूत्रांमागील प्रसंग सांगणारे 'प्रकरणवश' हे लेखन करावे लागले. हा भाग तुम्ही प्राचीन गद्याच्या अभ्यासात वाचता. मी तो अनेक वर्षे शिकवला. त्याची गरज मला कळली ती पाच ओव्या गमावल्यावर.

लेखनाच्या साधनाचे वर्णन मी पुन्हा लिहिले. यंत्राच्या सोयीसाठी साधनांची नावे रोमन लिपीत ठेवावी लागली. येथे त्यांची मराठी रूपे देतो.

'नव्याने लिहा: दिलेल्या नावाची फाईल नसेल तर ती तयार करते. त्या नावाची फाईल आधीपासून असेल तर तिच्यातील सर्व मजकूर पुसून त्या जागी दिलेला मजकूर ठेवते. पुसलेला मजकूर या साधनाने परत मिळत नाही. असलेल्या मजकुरात भर घालायची असेल तर हे साधन वापरू नये. "शेवटी जोडा" वापरावे. एखादीच ओळ दुरुस्त करायची असेल तर "ओळ बदला" वापरावे. असलेली फाईल पुसण्यापूर्वी वापरकर्त्याला तिचे नाव सांगून संमती घ्यावी.'

'शेवटी जोडा' हे साधन पूर्वी नव्हते. वर्णन लिहिताना ते नसल्याचे ध्यानात आले, आणि पुतण्याने ते तयार केले. एका शब्दात दोन कामे कोंबलेली आहेत असे वर्णनकाराला जाणवले, तर साधनच दोन करणे उत्तम.

या सात वाक्यांची रचना पाहा. साधन काय करते, कोणत्या स्थितीत वेगळे वागते, काय परत मिळत नाही, केव्हा वापरू नये, त्याऐवजी काय वापरावे, आणि आधी कोणाला विचारावे. चांगल्या आज्ञेत निषेधाला आणि कारणाला जागा असावी लागते. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयीचा भाग तुम्हाला आठवत असेल. आंबा, फणस यांचे लाकूडही आरमाराच्या कामाचे आहे, परंतु त्यांना हात लावू देऊ नये, असे तेथे बजावले आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, हे कारण दिले आहे. झाड अगदीच जीर्ण झाले असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन मग तोडावे, अशी वाटही दाखवली आहे. कारण कळले की आज्ञेत न आलेल्या प्रसंगीही माणूस योग्य वागू शकतो. 'पुसलेला मजकूर परत मिळत नाही' हे वाक्य एजंटला असेच कारण पुरवते.

यानंतर शोधाच्या साधनाकडे वळलो. तेथे तर आपल्या जिल्ह्याचे नावच अडचण होऊन उभे राहिले. कोणी 'बुलढाणा' लिहितो, कोणी 'बुलडाणा'. माझ्या फाईलींत दोन्ही आहेत. पूर्वीचे वर्णन होते: 'फाईलींमध्ये माहिती शोधते.' एजंटने एक रूप शोधले, ते काही फाईलींत नव्हते, आणि 'अशी नोंद नाही' असे त्याने मला ठामपणे कळवले. वस्तुतः ते साधन माहिती शोधत नव्हते. दिलेली अक्षरे तंतोतंत जुळतात का, एवढेच पाहत होते.

याहून सूक्ष्म अडचण डोळ्यांना दिसतच नाही. 'वाऱ्या', 'दऱ्या' या शब्दांतील ऱ्य युनिकोडमध्ये दोन रीतींनी साठवलेला आढळतो: एकदा नुक्ता असलेल्या ऱ ने, एकदा साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह ठेवून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. अक्षरे जुळवणाऱ्या साधनाला ते दोन निरनिराळे शब्द वाटतात. फाईलीच्या नावातील देवनागरी दोन आणि रोमन दोन यांचेही तसेच. म्हणून नव्या वर्णनात मी लिहिले: 'हे साधन अक्षरांची तंतोतंत जुळणी पाहते, अर्थ किंवा पर्यायी लेखन ओळखत नाही. एखादे नाव अनेक रीतींनी लिहिले जात असेल तर प्रत्येक रूप वेगळे शोधावे. काही न मिळाल्यास "सापडले नाही" असे सांगावे व कोणती रूपे शोधली ते कळवावे. "अस्तित्वात नाही" असे म्हणू नये.'

'सापडले नाही' आणि 'नाही' यांतील अंतर कधी फार मोठे असते. ज्याची जमीन जुन्या कागदात हरवली आहे, त्याला ते विचारा.

वाचनाच्या साधनात तिसराच प्रकार निघाला. टंकलेखकाने निम्म्या वह्या युनिकोडपूर्वीच्या जुन्या फॉन्टमध्ये उतरवल्या होत्या. अशा फॉन्टांत मराठी अक्षराचे केवळ चित्र असते. आत साठवलेले असते रोमन अक्षर किंवा चिन्ह. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर अर्थहीन रोमन चिन्हांची रांग दिसते. एजंटने अशी एक फाईल वाचली आणि ती 'खराब झालेली' म्हणून वेगळी ठेवण्याची सूचना केली. खराब ती मुळीच नव्हती. वर्णनात एक वाक्य घातले: 'मजकूर अर्थहीन रोमन चिन्हांसारखा दिसल्यास ती जुन्या फॉन्टमधील मराठी फाईल असू शकते, तिला खराब समजून हलवू किंवा पुसू नये, वापरकर्त्याला कळवावे.'

याच साधनाला मर्यादाही होती. एका वेळी ते फाईलीचे पहिले दहा हजार बाइट वाचत असे. प्रचलित साठवण पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, अनुस्वार ही चिन्हेही वेगळी मोजली जातात. म्हणजे इंग्रजीची चार-पाच पाने ज्या मर्यादेत बसतात, तेथे मराठीचे जेमतेम दीड-दोन पान येते. वर्णनात मर्यादा सांगितलेली नसल्यामुळे एजंट वाचलेल्या भागालाच संपूर्ण फाईल समजत होता. 'पुढील मजकूर शिल्लक असल्यास तसे शेवटी कळवले जाते. तो वाचण्यासाठी सुरुवातीची जागा देऊन पुन्हा बोलवावे' हे वाक्य आल्यावर तो चुकायचा थांबला.

आता एक घरगुती गोष्ट. मी दोन फोल्डर केले होते: 'घाटावर' आणि 'घाटाखाली'. आपल्या जिल्ह्यात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचे चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हे घाटावरचे. खाली पूर्णेच्या खोऱ्यातले मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हे घाटाखालचे. बोलीतही फरक पडतो. एजंटने मात्र नदीच्या घाटावर गायलेल्या ओव्या पहिल्या फोल्डरमध्ये असतील असे गृहीत धरले. त्याचे अनुमान मूर्खपणाचे नव्हते. पुण्या-नाशिकच्या माणसानेही कदाचित तेच केले असते. आपल्याला जे इतके ठाऊक असते की ते माहिती आहे हेही आपण विसरतो, नेमके तेच वर्णनातून गळते. यादीच्या साधनाच्या वर्णनात आता दोन्ही फोल्डरांचा अर्थ तालुक्यांच्या नावांसह दिला आहे.

या कामात माझीही एक चूक झाली. उत्साहाच्या भरात मी एकेका साधनावर दोन-दोन पाने लिहिली. पुतण्या म्हणाला, "काका, हे सगळं त्याला प्रत्येक वेळी वाचावं लागतं. महत्त्वाचं वाक्य त्यात बुडून जाईल." मी काटछाट केली. कोणते वाक्य ठेवावे, याची कसोटी सोपी निघाली: ते काढल्याने वाचणाऱ्याची कृती बदलणार असेल तर ठेवावे, बदलणार नसेल तर काढावे. 'हे अत्यंत उपयुक्त साधन आहे' यासारखी वाक्ये त्यात पहिल्याच फेरीत गेली.

मग परीक्षा घेतली. शेजारची एक विद्यार्थिनी महाविद्यालयात शिकते. तिला संगणकातले विशेष काही कळत नाही, म्हणूनच तिला निवडले. तिला वर्णनांचा कागद दिला, बारा कामे सांगितली आणि प्रत्येक कामासाठी कोणते साधन घेशील ते लिही म्हटले. ती दोन ठिकाणी अडखळली. दोन्ही ठिकाणी दोष तिचा नव्हता. 'हलवा' या साधनाने मूळ जागी प्रत राहते की नाही, हे मी लिहिलेच नव्हते. ते दुरुस्त केल्यावरच वर्णने एजंटला दिली.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगितली पाहिजे. वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. साधन केवळ वाचणारे आहे की पुसणारे, हे सांगणाऱ्या खुणा त्या खुल्या संकेतातही आहेत, पण त्या केवळ सूचक मानाव्यात आणि त्यांवर आंधळा भरवसा टाकू नये, असे तोच संकेत सांगतो. कितीही नेटके लिहिले तरी वाचणारा चुकू शकतो. म्हणून पुतण्याने एजंटला ओव्यांचा एकच फोल्डर खुला ठेवला आणि प्रत्येक बदलापूर्वी आपोआप प्रत निघेल अशी व्यवस्था केली. ही व्यवस्था आधी असती तर हा लेख लिहावा लागला नसता. नेमके लेखन आणि सावध व्यवस्था यांपैकी एक असले की दुसरे नको, असे समजण्याची चूक करू नका.

तुमच्यापैकी अनेकजण नोकरी किंवा शेती सांभाळून, घर सांभाळून ही पदवी घेत आहात. मराठीची पदवी घेऊन काय करणार, हा प्रश्न तुम्हाला घरातूनच विचारला जातो. त्याचे मोठे उत्तर माझ्यापाशी नाही. एवढे मात्र पाहिले आहे की एका जाणत्या अभियंत्याची एक ओळ अपुरी पडली, आणि ती भरून काढण्यासाठी लागले ते शब्दाच्या दोन अर्थांतील फरक ओळखणारे कान. ते कान या अभ्यासक्रमात तयार होतात.

आत्याच्या फाईलमध्ये आज साठ ओव्या आहेत: चोपन्न, चार आणि लग्नपत्रिकेवरच्या त्या दोन. शेवटच्या सहा मी एजंटकडूनच लिहवून घेतल्या. या वेळी 'लिही' म्हणालो नाही, 'शेवटी जोड' म्हणालो. जोडल्यावर त्याने कळवले की आधीच्या चोपन्न ओव्या जशाच्या तशा आहेत. तरीही मी फाईल उघडली आणि एक एक करून मोजल्या.

सरावासाठी स्वाध्याय

१. 'ठेवणे', 'काढणे', 'लावणे' या क्रियापदांपैकी एक निवडा. प्रसंगानुसार त्याचे परस्परांहून भिन्न असे किमान तीन अर्थ उदाहरणांसह लिहा.

२. तुमच्या घरातील किंवा कामाच्या ठिकाणच्या एखाद्या साधनाचे सहा वाक्यांत वर्णन करा. ते केव्हा वापरू नये आणि का, हे त्यात आले पाहिजे. हे वर्णन ते साधन कधीही न पाहिलेल्या व्यक्तीला वाचायला द्या आणि ती कोठे अडखळते ते नोंदवा.

३. तुमच्या परिसरातील 'घाटावर–घाटाखाली' यासारखा, बाहेरच्या माणसाला वेगळा अर्थ सुचवणारा एखादा शब्दप्रयोग शोधा आणि अपरिचितासाठी त्याचे स्पष्टीकरण दोन वाक्यांत लिहा.